सागरी जीवशास्त्रात जायचंय, पण पहिलं पाऊल कुठे टाकू?

निळी_शाई

नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय वीस. सातवीत असताना आमच्या बाईंनी वर्गात हंपबॅक देवमाशाच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवलं होतं. खिडक्या लावून घेतल्या, सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. ते ऐकल्यापासून दुसरं काही करावंसं वाटलेलं नाही. पण 'वाटणं' आणि 'करणं' यांच्यामध्ये नेमकं काय असतं, ते सांगणारं मला कुणीच भेटत नाही.

अडचणी खऱ्या खऱ्या लिहिते. समुद्र मी आजवर तीनदाच पाहिलाय, घरापासून तो फार लांब आहे. पोहता येत नाही. गणित नको म्हणून जीवशास्त्राकडे वळले. घरचे विरोध करत नाहीत, पण बाबा शांतपणे विचारतात, "यात नोकरी कुठली असते?" आणि मला एकही उत्तर देता येत नाही.

पुढची पदवी सागरी जीवशास्त्राचीच हवी का? पैसे भरून कासवं नाहीतर डॉल्फिन मोजायला नेणाऱ्या मोहिमांच्या जाहिराती येतात, त्यात जावं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत करतात तरी काय?

ओळ_आणि_स्तंभ

मी थोडक्यात लिहितो, कारण माझा अनुभव एकाच बाजूचा आहे. गेली आठ वर्षं मी सागरी जीवशास्त्रात पगारी काम करतोय आणि त्यातले बहुतेक दिवस संगणकासमोर गेलेत.

मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढायचं एक यंत्र आहे, कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर. ॲलिस्टर हार्डी यांनी ते बनवलं आणि १९३१ पासून ते नियमित वापरात आहे. आत रेशमी जाळीची पट्टी हळूहळू गुंडाळली जाते आणि वाटेतले प्लवक, म्हणजे पाण्यासोबत वाहणारे बारीक जीव, तिच्यावर अडकतात. या पट्ट्या फेकून न देता जपून ठेवल्या गेल्या. पुढे २००४ साली रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी प्लास्टिकच्या अतिबारीक कणांवर जो शोधनिबंध लिहिला, त्यासाठी १९६० च्या दशकापासूनचे हे जुने नमुने पुन्हा तपासले आणि कण वाढत गेल्याचं दाखवलं. पट्ट्या जमवणाऱ्यांच्या मनात तेव्हा प्लास्टिकचा विचारही नसणार. नीट ठेवलेल्या नोंदींची ही ताकद आहे, आणि म्हणूनच या क्षेत्रात माहिती सांभाळणाऱ्या, तपासणाऱ्या आणि तिच्यातून अर्थ काढणाऱ्या माणसांची गरज असते.

आजच करता येईल असं सांगतो. 'ओबिस' या जागतिक साठ्यात सागरी जीवांच्या दहा कोटींहून जास्त नोंदी आहेत, कुणालाही मोफत मिळतात. 'आर' ही संगणकभाषा शिक, तीही मोफत आहे. एखादी प्रजाती घे, तिच्या सगळ्या नोंदी उतरव आणि नकाशावर मांड. एखादा मासा वाळवंटाच्या मधोमध दिसेल, कारण नोंदवताना कुणीतरी अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केलेली असते. त्या चुका शोधताना जे शिकशील ते पुस्तकात मिळणार नाही.

तळाचा_गाळ

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण तो विचारायचं मला विसाव्या वर्षी सुचलं नव्हतं.

मी समुद्रतळाच्या गाळात राहणाऱ्या प्राण्यांवर काम करते. एकोणीस वर्षं झाली. बोटीवरून व्हॅन व्हीन ग्रॅब नावाचा लोखंडी जबडा दोराने खाली सोडतात. तळाला टेकला की तो मिटतो आणि ०.१ चौरस मीटर जागेवरचा गाळ घेऊन वर येतो. तो गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुवायचा, अगदी सावकाश, कारण पाण्याचा जोर वाढला की नाजूक किडे तुटतात आणि तुटलेल्या किड्याची ओळख पटवणं महाकठीण. चाळणीत उरेल ते बरणीत, त्यावर नमुने सडू न देणारं फॉर्मॅलिन आणि चिमूटभर रोझ बेंगॉल. या रंगाने प्राण्यांची शरीरं गर्द गुलाबी होतात. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा जवळपास तसाच राहतो. मग प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक गुलाबी धागा उचलायचा.

माझ्या पहिल्या कामात बोटीवर चार दिवस गेले आणि त्यातून ४८ बरण्या आल्या. त्या बरण्या निवडायला, ओळखायला आणि मोजायला सात महिने लागले. चार दिवसांना सात महिने हे प्रमाण लक्षात ठेव. जाहिरातीतल्या फोटोत कायम ते चार दिवस असतात.

आता तू म्हणशील, मग यात आनंद कशाचा? माझ्यापुरतं सांगते. बरणीतले बहुतेक धागे पॉलीकीट कृमी असतात. त्यांच्या बाजूंना राठ केसांचे झुपके असतात आणि प्रजाती ओळखायची ती त्या केसांच्या टोकांवरून. कुणाचं टोक आकड्यासारखं, कुणाचं वल्ह्यासारखं, कुणाचं दोन फाट्यांचं. पहिल्या महिन्यात मला सगळे सारखेच दिसायचे. चौथ्या महिन्यात एका सकाळी भिंगाखाली पाहिलं आणि पुस्तक न उघडता नाव तोंडात आलं. त्या दिवशी मी जेवायची सुट्टी घेतली नाही.

त्या नावांवरून बोलता येतं. सांडपाणी सोडतात त्या जागेच्या जवळ गेलं की प्रजाती कमी होत जातात, पण तग धरणाऱ्या थोड्या प्रजातींची संख्या प्रचंड वाढते; कॅपिटेला नावाची कृमी तिथे हमखास भेटते. दूर जाल तसं चित्र पालटतं. पिअरसन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ साली हा क्रम नीट मांडला आणि तो आजही रोजच्या कामात वापरला जातो. बंदराचा गाळ उपसायचा आहे, पाण्याखाली वाहिनी टाकायची आहे, समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत, तर आधी आणि नंतर तळ पाहून सांगणारं कुणीतरी लागतं. तुझ्या बाबांच्या प्रश्नाचं हे एक उत्तर झालं. माझा पगार बहुतेक वर्षं अशाच कामातून आला.

बाकीची उत्तरं भराभर सांगते. मत्स्यसाठ्याचा अंदाज, मत्स्यबीज केंद्रं, शिंपल्यांमधल्या विषारी शैवालाची तपासणी, मत्स्यालयं, संरक्षित सागरी क्षेत्रांचं व्यवस्थापन. जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून परके जीव पसरू नयेत म्हणून २००४ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २०१७ पासून लागू झाला, त्याची तपासणीही जीवशास्त्राचे लोक करतात. विद्यापीठातली कायमची संशोधक-शिक्षकाची जागा ही या सगळ्यात सर्वांत दुर्मीळ. तेवढी एकच जागा डोळ्यांपुढे ठेवून निघालेली हुशार मुलं मी खचलेली पाहिली आहेत, आणि त्यांना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं याचा मला अजून राग येतो.

आता एक चूक सांगते, म्हणजे तुझ्या हातून ती होणार नाही. त्या पहिल्याच कामात मी बरण्यांवर बाहेरून शाईने लिहिलं होतं. पुढे नमुने अल्कोहोलमध्ये घालताना थोडं सांडलं आणि सहा बरण्यांवरची अक्षरं विरघळून गेली. सहा ठिकाणचा गाळ, त्यात शेकडो प्राणी, आणि ते कुठले हे कुणालाच माहीत नाही. ते सहाही नमुने रद्द झाले. तेव्हापासून जाड कागदाची चिठ्ठी, तिच्यावर शिसपेन्सिलीने जागा, तारीख, खोली, नमुना क्रमांक, आणि ती चिठ्ठी बरणीच्या आत. बाहेर हवं तर आणखी एक. माझ्याकडे कुणीही नवीन आलं की पहिला धडा हाच.

प्राण्यापेक्षा प्रश्न आधी शोध, असं मी मुलांना सांगते. का, ते दोन उदाहरणांनी सांगते. जोसेफ कॉनेल हा जीवशास्त्रज्ञ स्कॉटलंडमधल्या मिलपोर्टच्या खडकांवर बसायचा. तिथे बार्नकलच्या, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या प्राण्यांच्या, दोन प्रजाती, एक वरच्या पट्ट्यात, एक खालच्या. वरची खाली का येत नाही? त्याने काही दगडांच्या अर्ध्या भागावरून खालच्या प्रजातीची पिल्लं काढून टाकली आणि अर्धा भाग तसाच ठेवला. स्पर्धक नसलेल्या अर्ध्यात वरची प्रजाती खालच्या पट्ट्यातही छान जगली. म्हणजे तिला खाली जागा सोसत नव्हती असं नाही, शेजारी तिला ढकलून लावत होता. हे १९६१ साली छापून आलं आणि जगभरचे विद्यार्थी आजही शिकतात.

दुसरा रॉबर्ट पेन. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर १९६३ पासून तो सुमारे आठ मीटर लांब आणि दोन मीटर उंच एवढ्या खडकावरचे तारामासे उपटून समुद्रात फेकत राहिला. शेजारचा खडक तसाच ठेवला. तारामासे नसलेल्या खडकावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि १५ प्रजातींच्या आठ झाल्या. 'कळीची प्रजाती' ही कल्पना पुढे त्याने यातूनच मांडली. ना पाणबुडी, ना उपग्रह. खडक, ओहोटीचं वेळापत्रक आणि परत परत तिथे जायची तयारी. यातल्या कुणालाही बार्नकल किंवा तारामासा 'आवडतो' म्हणून हे सुचलं असेल असं मला वाटत नाही. हा इथे का आणि तिथे का नाही, हे त्यांना छळत होतं.

पैसे भरून जायच्या मोहिमांबद्दल. तिथे पंधरा दिवस छान जातील, पण नोकरी देणारा तुला विचारेल की तू काय ओळखू शकतेस, काय मोजू शकतेस, काय लिहिलं आहेस. त्या पैशांत एक बरं हातभिंग, एक जुना पण चालू सूक्ष्मदर्शक आणि पोहण्याची शिकवणी होईल. माझं मत स्पष्ट आहे, जाऊ नकोस. जवळपासच्या कुठल्याही प्रयोगशाळेत, मग ती गोड्या पाण्यावर काम करणारी का असेना, नमुने निवडायला बसायला मिळतं का ते विचार. विचारताना त्यांचा एक शोधनिबंध पूर्ण वाचून जा आणि त्यातल्या एका आकृतीबद्दल प्रश्न घेऊन जा.

पोहायला शीक. डायव्हिंग यायलाच हवं असं नाही, मला येत नाही. पण बोटीवर काम करायचं तर पाण्यात पडल्यावर घाबरायचं नाही एवढं अंगात असावं. बोट लागण्याचं म्हणशील तर मला दर वेळी पहिले दोन दिवस लागते. क्षितिजाकडे पाहत काम करते, पोट रिकामं ठेवत नाही आणि तिसऱ्या दिवशी ठीक होते. त्यापायी मी एकही सफर सोडलेली नाही.

पदवीच्या नावाची फार चिंता करू नकोस. पहिली पदवी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, काहीही चालतं. दुसऱ्या पदवीला मात्र विद्यापीठाच्या नावाआधी मार्गदर्शक बघ. त्यांच्याकडे आत्ता शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचार: बोटीवर जायला मिळतं का, निबंधावर तुमचं नाव येतं का, आधीची मुलं आज काय करतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जिथे कुणालाच माहीत नसतं, तिथे मी तरी गेले नसते.

गणिताबद्दल आत्ता काही बोलत नाही. वेळ आली की बोलू.

निळी_शाई

ताई, तुमचं उत्तर मी छापून भिंतीवर लावलंय. चार दिवस आणि सात महिने हे वाचून आधी पोटात गोळा आला, मग मी स्वतःला विचारलं की चिमट्याने धागे उचलत बसणं मला जमेल का. मला वाटतं जमेल. लहानपणी तांदूळ निवडायला मीच बसायचे आणि मला ते आवडायचं.

पण एक विचारू? सगळे गाळ आणि तक्ते सांगताय. देवमाशावर जीव आहे हे बालिश आहे का? खरं उत्तर द्या, मला वाईट वाटणार नाही.

कानातला_दगड

बालिश अजिबात नाही. ताई लिहितीलच, पण त्याआधी माझी बाजू सांगतो.

मी माशांचं वय मोजतो. माशाच्या डोक्यात कानाजवळ चुन्याचे बारीक दगड असतात, ऑटोलिथ. झाडाच्या बुंध्यासारखी त्यांच्यात वर्षाला एक वर्तुळ बसत जातं. दगड राळेत बसवायचा, पातळ काप घ्यायचा, घासायचा आणि भिंगाखाली वर्तुळं मोजायची. एक दगड दोन माणसं स्वतंत्रपणे वाचतात, एकमेकांचं उत्तर न पाहता. आकडे जुळले नाहीत की पुन्हा.

हे कशाला, तर ऑरेंज रफी नावाच्या खोल समुद्रातल्या माशामुळे ते कळतं. न्यूझीलंडच्या आसपास १९८० च्या दशकात त्याची मासेमारी जोरात होती. तो इतर माशांसारखाच लवकर वाढत असणार असं गृहीत धरून किती पकडायचा ते ठरवलं गेलं. पुढे ऑटोलिथ नीट वाचले तेव्हा कळलं की हा शंभर वर्षांहून जास्त जगतो आणि पिल्लं घालायच्या वयाला यायलाच त्याला दोन-तीन दशकं लागतात. तोवर कित्येक ठिकाणचे साठे ढासळले होते. ताटात आलेला मासा खाणाऱ्याच्या आजोबांच्या वयाचा असू शकत होता.

माझी सुरुवात मासेमारी जहाजांवर निरीक्षक म्हणून झाली. जाळं वर आलं की काय आलं, किती आलं, काय परत टाकलं हे नोंदवायचं, लांबी मोजायची, दगड काढायचे. रात्री दोनला जाळं आलं तर रात्री दोनला. खलाशांना तू सुरुवातीला नको असतेस, कारण तू त्यांचं काम मोजायला आलेली असतेस. मी पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून दोराच्या गाठी शिकून घेतल्या, त्यानंतर बोलणं सुरू झालं. तिथे मुली कमी असतात. राहायची जागा वेगळी मिळते का, तक्रार कुणाकडे करायची, जहाजावरून बाहेर संपर्क कसा होतो, हे सगळं सही करण्याआधी लेखी विचार. उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नकोस. हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही असंच सांगितलं आहे.

आणि या दादाचं एक ऐक. विषय लवकर बंद करून टाकू नकोस. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ पासून तारामासे गळून, वितळून मरत होते. सूर्यफूल तारामासा तर बऱ्याच ठिकाणांहून जवळपास नाहीसाच झाला. कारण सापडायला २०२५ उजाडलं. आजारी आणि निरोगी तारामाशांच्या शरीरातला द्रव तपासला आणि व्हिब्रिओ गटातला एक जिवाणू हाती लागला. तारामाशांचं हे कोडं सुटलं ते सूक्ष्मजीवांच्या अंगाने. तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राचा तास कंटाळवाणा म्हणून चुकवू नकोस.

तळाचा_गाळ

बालिश नाही गं. तुझ्या बाईंनी खिडक्या लावल्या आणि डोळे मिटायला लावले, आणि तू अजून त्याच आवाजामागे आहेस. मला तर यात तुझा रस्ता दिसतोय. तू देवमासा पाहिलेला नाहीस, ऐकलेला आहेस.

हंपबॅकचे आवाज ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांना 'गाणं' म्हणावं, हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ साली मांडलं. तेव्हा आवाजाचे आलेख कागदावर काढून डोळ्यांनी जुळवले होते. आज समुद्रतळाशी ध्वनिग्राहक महिनोन्‌महिने ठेवतात आणि त्यातून इतके तास जमतात की एका माणसाला ऐकून संपवता येणार नाहीत. निळ्या देवमाशाचा आवाज इतका खर्जातला असतो की आपल्या कानाला तो धड कळतच नाही; वेग वाढवून ऐकावा लागतो, नाहीतर चित्रात बघावा लागतो. जहाजांचा, भूकंपाचा, बर्फ तडकण्याचा आवाज त्यातून वेगळा काढायचा. हे काम शिकलेली माणसं हवी असतात, आणि त्यासाठी देवमाशाच्या शेजारी पोहावं लागत नाही. असे आवाज तपासायची 'पॅमगार्ड' नावाची संगणकप्रणाली मोफत आहे. उतरवून घे आणि आधी तुझ्या अंगणातले पक्षी ध्वनिमुद्रित करून त्यांचे आलेख वाचायला शीक. हात बसेल.

एक सावध करते. देवमाशांवर काम करायला इच्छुक खूप आणि जागा थोड्या. म्हणून आत शिरशील तेव्हा हातात दुसरं काहीतरी पक्कं असू दे: ध्वनी, संगणक, संख्याशास्त्र, डीएनए, काहीही एक.

आणि समुद्र लांब आहे म्हणून थांबू नकोस. तुझ्या जवळ तळं असेल. समुद्रातल्या प्राणीप्लवकांत कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे अगदी बारीक नातलग, सगळ्यात जास्त, आणि त्यांचे भाऊबंद तळ्यातही असतात. तलम नायलॉनच्या जुन्या मोज्याला तारेचं कडं लाव, टोकाला छोटी बाटली बांध, काठाकाठाने दहा मीटर ओढ. बाटलीतलं पाणी एक लिटर कर आणि त्यातले पाच मिलिलिटर असे तीनदा काढून कोपेपॉड मोज. तिन्ही आकडे इथे लिही. चिठ्ठी पेन्सिलीने.

निळी_शाई

ताई, तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी मोजा फाटला. दुसऱ्या रविवारी पाऊस. काल जमलं. कॉलेजच्या सरांनी सूक्ष्मदर्शक वापरू दिला, दोन तास लागले. ते झटके देत पळतात, म्हणून मोजताना सारखे निसटायचे. मग सरांनी थेंबभर फॉर्मॅलिन दिलं. एका मादीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या दिसल्या आणि मी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या तिघींना बोलावून दाखवल्या.

आकडे: ४१, ३७, ६३.

तिसरा एवढा वेगळा का आला? मी काही चुकले का? पहिले दोन बरोबर वाटतात, तिसरा काढून टाकू का?

तळाचा_गाळ

काढायचा नाही. जो आकडा आला तो आला, त्याच्यापुढे शंका लिहून ठेव.

आता गणिताची वेळ आली. तिघांची सरासरी काढ: ४७. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते बघ: ६, १०, १६. त्यांचे वर्ग ३६, १०० आणि २५६, बेरीज ३९२. तिला दोनने भाग, तीनने नाही. त्याचं कारण तू शोधून मला सांग. आले १९६. याला व्हेरियन्स म्हणतात, आकडे किती पसरलेत त्याचं माप. कोपेपॉड बाटलीत अगदी कसेही विखुरलेले असते तर हा आकडा सरासरीच्या आसपास, म्हणजे ४७ च्या जवळपास यायला हवा होता. तुझा चौपटीहून जास्त आहे. म्हणजे ते विखुरलेले नव्हते, गठ्ठ्याने होते. आकडे तीनच आहेत, त्यामुळे फार जोर देऊन बोलायचं नाही, पण शंका घ्यायला पुरेसे आहेत.

आता सांग, पाणी काढण्याआधी बाटली कशी हलवलीस? गोल गोल फिरवली असशील तर कण मधोमध जमतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पळी फिरवायची आणि थांबायच्या आत पाणी काढायचं. की तिसऱ्या वेळेपर्यंत ते तळाशी बसले होते आणि तू तळातून काढलंस? फॉर्मॅलिन कधी घातलंस, पहिल्या मोजणीआधी की नंतर? पहिल्या दोन वेळा जिवंत असताना निसटलेले मोजायचे राहिले असतील तर ४१ आणि ३७ हेच कमी आहेत आणि तुझा ६३ बरोबर आहे.

बाटली अजून आहे ना? आठच्या आकड्यात हलवून आणखी पाच वेळा मोज आणि लिही.

निळी_शाई

फॉर्मॅलिन दुसऱ्या मोजणीनंतर घातलं होतं. बाटली आहे, चिठ्ठी आत आहे. उद्या सकाळी सर येण्याआधी जाते.